पाठीवरची खूण

त्या वर्षी मी घरातल्या आरतीला नुसती उभी राहत असे. टाळ्या वाजवायचंही त्राण उरत नसे. माझी सात वर्षांची राधिका चालता चालता पडायला लागली होती. डावं पाऊल आत वळत चाललं होतं आणि एवढी मोठी पोर पुन्हा कपडे ओले करू लागली होती. बडनेऱ्याच्या शाळेतली माझी कारकुनी, मग दवाखाना, मग तेलाची मालिश, असं रोजचं चाललेलं. कोणी अशक्तपणा म्हणे, कोणी लाड म्हणे. मी आमच्या अमरावतीच्या अंबामायला मनातल्या मनात विचारत असे, आणखी किती? खरं सांगते, मला देवीचा रागच यायचा.

राधिकाच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, जन्मापासून केसांचा एक झुपका होता. ती मायची खूण आहे, असं सासूबाईंनी बारशाच्या आधीच सांगून टाकलं होतं. त्या केसांना कात्री लावायची नाही, दर मंगळवारी हळदकुंकू लावायचं आणि नजर लागू नये म्हणून परक्याला दाखवायचं नाही. मी शिकलेली बाई, पण मीही मान डोलावली. आपल्या लेकीवर देवीची खूण आहे म्हटल्यावर कोणत्या आईला बरं वाटणार नाही? तीन डॉक्टरांना आम्ही पाय दाखवला, पाठ एकालाही नाही. तपासताना कुडता जरा वर सरकला की सासूबाई तो पटकन खाली ओढत.

पाऊल सरळ ठेवणारे बूट अकोल्याला करून मिळतात असं कळलं, म्हणून एका मंगळवारी मी एकटीच तिला घेऊन गेले. बूटवाल्याचं दुकान दुपारचं बंद. शेजारच्या बाइंडिंगच्या दुकानाच्या पायरीवर टेकलो, तर राधिकाचे कपडे ओले झाले. मला तिथंच रडू आलं. आत दुकानदाराची साठीची बायको पानं शिवत बसली होती. सगळे तिला आपा म्हणत. तिनं आम्हाला आत बोलावलं आणि चादरीचा आडोसा धरला. मी इतकी थकले होते की कपडे बदलताना पाठ झाकायचंही राहून गेलं. सकाळचं कुंकू लागलेले ते केस पाहून आपा थबकली.

"असंच चित्र मी आत्ता शिवून राहिली व्हती, बाई," ती म्हणाली.

मेंदू आणि मणक्याची ऑपरेशनं करणाऱ्या एका डॉक्टरांनी आपले छापून आलेले शोधनिबंध एकत्र बांधायला दिले होते. आपाला इंग्रजी येत नव्हतं. तिनं चित्रं बघत बघत पानं उलटली. एका बाळाची पाठ होती, अगदी तसाच झुपका. खालचा मजकूर मी बोट ठेवून वाचला. मणक्यातला मज्जारज्जू खाली चिकटलेला असतो, मूल वाढतं तसा तो ताणला जातो, पाऊल वळतं, लघवीवरचा ताबा जातो. वरचे केस ही त्याचीच बाहेरची खूण. उशीर झाला तर गेलेलं परत येईलच असं नाही.

आपानं पाण्याचा गिलास पुढे केला. डॉक्टरला पाठ दाखवली का, असं तिनं विचारलं. मी नाही म्हणाले.

"काहून?"

बूट न घेताच, त्या पानाची झेरॉक्स घेऊन मी अमरावतीला परतले. तिथल्या सर्जननी एमआरआय केला आणि तेच निघालं.

ऑपरेशनच्या सकाळी नर्स पाठीवरचे केस काढायला आली, तेव्हा मला सासूबाईंचीच धास्ती होती. त्यांनी त्या केसांवरून एकदा हात फिरवला. मग नर्सला म्हणाल्या, "काढ, माय." आणि माझ्याकडे वळून, "खूण मायचीच व्हती. तिनं दाखवाले देल्ली, अन् आपन झाकून बसलो."

पाऊल अजून पूर्ण सरळ नाही. होईल की नाही, कोणी सांगत नाही. पण राधिका पडत नाही आणि कपडे कोरडे राहतात. त्या दुपारी आपाच्या पायरीवर मला कोणी बसवलं, हे मी आता शोधत नाही. मी पार दमले, लपवायचंही बळ उरलं नाही, तेव्हा काम झालं. शरण जाणं म्हणजे एवढंच असावं, असं वाटतं.

मागच्या महिन्यात आम्ही तिघी आपाला भेटायला गेलो. राधिका पायरी एकटी चढली आणि कोणी काही विचारायच्या आत कुडता वर करून तिनं आपाला पाठीवरचा व्रण दाखवला. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी कुडता खाली ओढला नाही.