दिवाकरभाऊच्या नावावरचे आठ गोल

रविवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला आणि मी न बघताच म्हणालो, "बोल दिवाकरभाऊ." त्या वेळेला दुसरं कोणी फोन करत नसे. अकोल्याहून अमरावतीच्या गाडीत बसला की तो कळवायचा, "मास्तर, बसलो. वही घेऊन ये." नंबर त्याचाच होता, आवाज त्याच्या मुलीचा. "काका, बाबा गेले..." पहाटे छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी तिला विचारलं, किती वाजता? असा प्रश्न अशा वेळी कोणी विचारत नाही, हे मला कळतं. पण मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे, आणि हातात धरायला काही उरलं नाही की मी आकडा मागतो. तिने सांगितला. तो माझ्या लक्षात आहे. इथे लिहीत नाही.

त्याला जाऊन आता सहा आठवडे झाले. तो अठ्ठावन्न वर्षांचा होता, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. नोकरी अकोल्याच्या एका तेलगिरणीत, पाळीची. पण जन्म अमरावतीचा, आणि जीव आमच्या भागातल्या फुटबॉल संघात. तरुणपणी तो या संघाचा गोलकीपर होता. मी कधी खेळलो नाही. मी वही ठेवायचो: कोण खेळलं, कोणी गोल केला, कोणी खाल्ला. आमच्यातला तिसरा सलीमभाई. तो मागच्या फळीत खेळायचा आणि आज त्याचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान आहे. खेळणं सुटल्यावर ते दोघेही माझ्यासारखेच झाले, म्हणजे बाहेर बसून बोलणारे. मैदानाला लागून एक रसवंती आहे. तिथल्या बाकावर बसून पंचवीस वर्षं आम्ही एकच काम केलं. यंदा संघात कोण घ्यायचा, कोण काढायचा, नागपूरहून पुढे खेळणारा आणायचा की घरचाच तयार करायचा, आणि गेल्या वर्षी आणलेला कसा निकामी निघाला, यावर भांडलो. संघाची खरी निवड करणारे आता वेगळे आहेत. ते आम्हाला नमस्कार करतात आणि आमचं ऐकत नाहीत.

कुठलाही वाद सुरू झाला तरी अर्ध्या तासात तो त्या एका निर्णयावर येऊन थांबायचा. आमच्याकडच्या स्पर्धेत साखळी सामने संपले की बाद फेरीसाठी प्रत्येक संघाला बाहेरचा एक खेळाडू घेता यायचा. त्याला आम्ही 'पाहुणा' म्हणायचो. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही कामठीचा एक गोलकीपर पाहुणा म्हणून आणला आणि दिवाकरभाऊला बसवलं. पहिला सामना जिंकलो, उपांत्य सामना एका गोलने हरलो. दिवाकरभाऊने त्यानंतर हातमोजे घातले नाहीत.

सलीमभाईचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच. "घर का आदमी निकाला, बाहर का बिठाया. गलत!" म्हणायचा आणि बाकावर अशी थाप मारायचा की ग्लास हलायचे. त्याच्या विरोधात बोलायचा तो खुद्द दिवाकरभाऊ. "अरे सलीम, मी गोलकीपर नव्हतो बाप्पा, फाटक होतो फाटक! जो आला तो आत. मास्तरनं कामठीवरून कुलूप आणलं, त्यात काय चुकलं त्याचं?" आणि माझ्याकडे वळून, "सांग मास्तर, आकडा सांग त्याले." मी सांगायचो. दिवाकर, सात सामने, तेरा गोल. सामन्याला जवळजवळ दोन. कामठीवाला, दोन सामने, एक गोल. "झालं? आता काहून बोंबलून राहिला?" दिवाकरभाऊ विजयाने विचारायचा, जणू काढला गेलेला माणूस दुसराच कोणी होता. सलीमभाई म्हणायचा, "आकडा गोल अडवत नाय, मास्तर," आणि उसाचा रस एका दमात संपवायचा. मला मनातून बरं वाटायचं. ज्याला काढलं तोच आकडा मान्य करतो, यापेक्षा आकड्याचा मोठा सन्मान कोणता?

शेवटचा भेटला तो याच बाकावर, जाण्याच्या पंधरा दिवस आधी. यंदा आघाडीला कोण, यावर घसा बसेपर्यंत बोलला. उठताना म्हणाला, "पुढच्या खेपेले मागल्या दोन वर्षांचे गोल काढून ठेव. तोंडाचं बोलणं मी ऐकत नसतो." पुढच्या रविवारी त्याच्या घरी पाहुणे होते. त्याच्या पुढच्या रविवारी फोन आला, तो मुलीचा.

या पुरवणीसाठी त्याच्यावर लिहाल का, असं विचारलं गेलं तेव्हा मी ठरवलं, निदान त्याची कारकीर्द तरी बिनचूक लिहू. जुनी वही काढली. तो माझा वही ठेवण्याचा पहिलाच हंगाम होता. प्रत्येक सामन्याला एक ओळ, गोलकीपरसाठी एकच रकाना. म्हणून मी नियम केला होता: जो सुरुवातीला गोलात उभा राहील, सामन्यातले सगळे गोल त्याच्या नावावर. नियम सोपा होता आणि मला त्याचा अभिमान होता. ओळीच्या टोकाला 'शेरा' असा एक अरुंद रकाना होता. तेरा गोलांची बेरीज तपासताना माझी नजर पहिल्यांदाच त्या टोकापर्यंत गेली. तिसरा सामना: "दि. मध्यंतराला गेला." पाचवा: "दि. मध्यंतराला गेला." सहावा, तेच. माझंच अक्षर.

मला आठवलं. सामने रविवारी चारला सुरू व्हायचे. ज्या रविवारी त्याची रात्रपाळी असे, त्या दिवशी तो मध्यंतरात कपडे बदलून पाचची अकोल्याची गाडी धरायचा. हातमोजे सलीमभाई घालायचा आणि मागे एखादा राखीव यायचा. सलीमभाई मागच्या फळीत भिंत होता. गोलात मात्र त्याला चेंडू कुठून येतो ते कळत नसे. वहीत प्रत्येक गोलाचं मिनिट लिहिलेलं आहे. मी पुन्हा मांडणी केली. त्या तीन सामन्यांच्या उत्तरार्धात आठ गोल झाले. म्हणजे दिवाकरभाऊने खाल्लेले गोल पाच. साडेपाच सामन्यांत पाच. सामन्याला एकापेक्षाही कमी. मी तीनदा करून पाहिलं. चूक कुठे लपलेली नव्हती. ती मीच लिहून ठेवली होती आणि वाचली नव्हती. त्या निवडीच्या बैठकीत मी उभा राहून तेरा हा आकडा वाचला होता, आणि कामठीवाल्याच्या बाजूने पहिला हात दिवाकरभाऊनेच वर केला होता.

वही घेऊन सलीमभाईच्या दुकानात गेलो. तो एका स्कूटरचं चाक काढत होता. मी पान समोर धरलं. त्याने पाहिलं नाही. "मालूम है," म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"माह्या हातून गेले ते गोल, मास्तर. मले नाय माहीत रायनार?"

"आणि त्याला?"

सलीमभाईने हात पुसले. "बैठकीत मी उठूनच राहिलो होतो. त्यानं माह्या पायावर पाय दाबला. असा दाबला का दुसऱ्या दिवशी नख काळं. बाहेर आल्यावर म्हने, आज मास्तरचा आकडा खोटा पाडला, तर तो उद्यापासून वही आनत नाय. मंग पुन्हा तेच, ज्याचा आवाज मोठा त्याचा भाचा संघात. पयल्यांदा कोनी कागद पाहून बोलून राहिलं, त्याले राहू दे." मग म्हणाला, "कसम घातली होती त्यानं. म्हनून मी नुसतं गलत म्हनत राहिलो. काहून गलत, ते सांगता नाय आलं."

मी म्हणालो, त्याला तसंही पाच वाजता निघावंच लागलं असतं... सलीमभाईने मला मधेच तोडलं. "बाद फेरीसाठी पाळी बदलून घेतली होती त्यानं. दोन्ही रविवारच्या. बैठकीच्या आठ दिवस आधी."

ते दोन्ही सामने मी पाहिले आहेत. दोन्ही वेळा दिवाकरभाऊ शेवटपर्यंत मैदानावर होता. कामठीवाल्याच्या जाळीमागे उभा राहून ओरडत होता, "डावीकडं सरक! तो डाव्या पायाचा हाय!" मी मिनिटं लिहीत होतो. पाचची गाडी गेली, हा माणूस अजून इथे कसा, हे माझ्या मनात आलं नाही.

सलीमभाईने वही हातात घेतली. त्याचा काळा अंगठा पानावर उमटला. "लिव," म्हणाला. "आठ माह्या नावावर लिव. पंचवीस वर्षं त्याच्या डोक्यावर हायेत ते." मी तिथेच, दुकानातल्या स्टुलावर बसून दुरुस्ती केली आणि खाली सही केली.

पुढच्या रविवारी रसवंतीत हल्लीच्या निवड समितीतले तिघे-चौघे होते. मी उभा राहून नवे आकडे वाचले, आणि तो निर्णय चुकीचा होता, माझ्यामुळे चुकीचा होता, असं सांगितलं. एकाने नुसती मान हलवली. त्या वर्षी तो जन्मलाही नसेल. सलीमभाई खाली पाहत होता. पंचवीस वर्षांचा वाद तो जिंकला होता. म्हणाला, "आता मी भांडू कोनासंग?"

मी म्हणालो, "पण सलीमभाई, कामठीवाल्याने दोन सामन्यांत एकच गोल खाल्ला, हे तर खरं?"

त्याने चमकून वर पाहिलं. मग बाकावर थाप मारली, पण जोर नव्हता. "गलत," म्हणाला, आणि डोळे पुसत, "तुले नाय जमत, मास्तर. तो असं नाय बोलत."

मला जमत नाही, हे खरं आहे. तरी मी दर रविवारी जातो आणि त्या निर्णयाच्या बाजूने बोलतो. खोटं आहे हे आता आम्हा दोघांनाही माहीत आहे. मी अडखळतो, सलीमभाई मला दुरुस्त करतो, दिवाकर इथं असं म्हनला असता, तिथं तसं... आणि साडेपाचपर्यंत मी हरतो.