अंगाशी घेतलेलं वजन

चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या खोलीत बसून काचा घासणाऱ्या बाईने आयुष्यात उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे पाण्याची बादली, आणि तीही अर्धी. सगळी गल्ली तिला चष्मेवाली म्हणायची. काच कडेने धरायची, मध्ये बोट लागू द्यायचं नाही, ही सवय तिच्या इतकी अंगवळणी पडली होती की कप असो, पुस्तक असो, नाहीतर दुसऱ्याचं बाळ, ती सगळंच कडेकडेने धरायची. अशी बाई अंधारात उठून वाळूच्या पोत्यांशी झटायला जाते म्हटल्यावर लोकांनी तोंडात बोटं घातली, त्यात नवल ते काय.

हौस म्हणून नव्हती जात हो ती. घरात बाबा होते. बाबांनी उभी हयात बंदरावर क्रेन चालवली. ढगांच्या शेजारी, काचेच्या एवढ्याशा खोलीत बसून त्यांनी अख्खं शहर वरून पाहिलेलं. आणि आता अर्धांगाचा झटका येऊन डावी बाजू लुळी पडली, तेव्हापासून नजरेसमोर फक्त छत. पलंगाशेजारी खिडकी होती, पण तिचा कठडा मेला इतका उंच की पडून काय नि बसून काय, आभाळाची पट्टीच तेवढी दिसायची.

उजवा पाय अजून थोडीफार साथ द्यायचा. पण देह म्हणजे कपाट नुसतं. एकदा पलंगावरून खुर्चीत घेताना ते तिच्या हातून निसटले आणि दोघंही धाडकन जमिनीवर आली. शेजारी धावले म्हणून निभावलं. मग परगावी राहणारा दादा आला. तो म्हणाला, तुझ्याने हे व्हायचं नाही, अशा माणसांना सांभाळणारं एक ठिकाण बघून ठेवलंय, थंडी सरली की गाडी घेऊन येतो. दादा काही वाईट नव्हता, घाबरला होता बिचारा.  बाबांनी फक्त भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि तेच तिच्या जिव्हारी लागलं.

शाळेच्या पटांगणावर उजाडायच्या आत व्यायामाचा वर्ग चालायचा. शिकवायची ती आगीच्या बंबावर नोकरी करून निवृत्त झालेली बाई. सगळे तिला कॅप्टन म्हणत, आणि दयामाया तिने बंबावरच ठेवून दिली होती. पहिल्या दिवशी चष्मेवालीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ती प्रत्येक पायरीवर ‘आई गं’ म्हणाली. तरी जात राहिली.

खरं सांगायचं तर ती तिथे अर्धी झोपेतच पोचायची. दिव्यांभोवती धुकं साचलेलं, माणसं नुसत्या सावल्या, कुठली वाफ कुणाच्या तोंडची ते कळू नये. पटांगणाला फेऱ्या मारता मारता शरीर मागे राहायचं आणि मन हलकं होऊन वर जायचं. मग तिला वाटे, बाबा तिथे वर त्यांच्या काचेच्या खोलीत बसलेत, धुक्यातून खाली बघताहेत आणि आपण एक ठिपका होऊन गोल गोल फिरतोय. त्या वाटण्यात इतकं सुख होतं की थांबायची शिट्टी वाजली तरी तिला ऐकू यायची नाही. मग कॅप्टन ओरडायची, ते ऐकू यायचं.

पाय बळकट झाले, दम टिकायला लागला, पण पोतं काही उचललं जाईना. गुडघ्यापर्यंत यायचं आणि सुटायचं. थंडी सरत आली होती. तिचा जीव टांगणीला लागला. एका पहाटे कॅप्टन बराच वेळ तिच्याकडे बघत उभी राहिली, मग जवळ येऊन तिने विचारलं, तू काम काय करतेस गं? तिने सांगितलं.

“तरीच,” कॅप्टन म्हणाली. “अगं, काच नाहीये ती. डाग पडले तर पडू देत. अंगाशी घे.”

तिने घेतलं. दवाने ओलं, मातकट वासाचं ते पोतं तिने छातीशी कवटाळलं आणि उभी राहिली. आलं की हो वर, अगदी मुकाट्याने. आणि भर पटांगणात तिला रडू फुटलं. बाबांना असं तिने कधी धरलंच नव्हतं. बाबाही तसलेच. बंदरावरची पाळी संपवून घरी आले की दारातूनच विचारायचे, जेवलीस का, आणि झाली माया करून.

गाडी घेऊन दादा आला, तेव्हा बाबांची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. ती म्हणाली, दादा, एकदा फक्त बघ. बाबांना तिने पलंगाच्या काठावर बसवलं, आपले गुडघे त्यांच्या गुडघ्यांना टेकवले.

“बाबा, आज मी तुम्हाला मिठी मारणार आहे. तुम्हीही धरा मला.”

बाबांचे कान लाल झाले. पण उजवा हात तिच्या पाठीवर आला. तिने त्यांना छातीशी घेतलं आणि दोघं मिळून उठली. दादा हात पसरून पुढे धावला होता, तो तसाच थबकला. मग भानावर येऊन त्याने खुर्ची सरकवली.

“थांब,” बाबा तिच्या कानाशी म्हणाले. “बसवू नकोस एवढ्यात.”

ते तिच्या खांद्यावरून कठड्यापलीकडे बघत होते. ओला रस्ता, छपरं, छपरांच्या पलीकडे धुक्यात क्रेनचे हात. बघता बघता त्यांची नजर खाली रस्त्यावर आली. मग बाबांनी विचारलं, “खाली गाडी कुणाची?”

“माझी,” दादा म्हणाला.

“रस्ता अडवलायस. पुढे घे.”

दादा जाता जाता दाराशी थांबला. बॅग उचलून त्याने पुन्हा कपाटावर ठेवली आणि खाली गेला. बाबांनी तिच्या पाठीवरचा हात सोडवून खिडकीबाहेर काढला आणि ते त्याला खूण करू लागले, अजून थोडी पुढे, अजून थोडी. तिने पाय घट्ट रोवले आणि बाबांना आणखी जवळ घेतलं.