टोपी न मिळालेल्या खेळाडूचा सत्कार

शनिवार, २२ फेब्रुवारी २०१४. चोआ चू कांग, आमच्या ब्लॉकखाली. उपस्थित: मंडळाचे अध्यक्ष, चिटणीस म्हणून मी, हरकाम्या म्हणून माझा नवरा, लिंबू-चमचावाली मुलं, त्यांचे पालक आणि आमच्या शेजारच्या घरातले चिनी अंकल-आंटी. अनुपस्थित: ठरलेले प्रमुख पाहुणे. सकाळी त्यांना ताप आला.

पाहुण्यांशिवाय मराठी मंडळाला बक्षिसं वाटता येत नाहीत. मी शेजारची बेल वाजवली. अंकल ऐंशीच्या घरातले, इथल्या देशाच्या अगदी सुरुवातीच्या रग्बी संघातले. रग्बीत दोन्ही संघ डोकी एकमेकांत खुपसून रेटतात, त्याला स्क्रम म्हणतात. अंकल त्यात पहिल्या रांगेत असत. कान अजून पिळून टाकलेल्या फडक्यासारखे होते.

परिचयासाठी मी विचारलं, "अंकल, सन्मान कोणकोणते मिळाले?"

"एक मिळायचा होता. देशाकडून खेळलं की टोपी देतात, मखमलीची. तेव्हा संघाकडे पैसे नव्हते. नंतर देऊ म्हणाले."

"म्हणून हा रोज खाली जाऊन पत्रपेटी उघडतो," आंटी म्हणाल्या. "त्या पेटीत टोपी मावते तरी का, विचार त्याला."

अंकल हसले नाहीत. मी चहाचं विचारून विषय बदलला.

खाली अध्यक्षांनी माईक घेतला. "यांनी देशाला अनेक विजय मिळवून..."

"हरलो लाह," अंकल म्हणाले. "सगळे हरलो. एक बरोबरीत सुटला, तोही चिखलामुळे."

मग शाल. एवढ्या उकाड्यात लोकर कशाला, हे आंटींना शेवटपर्यंत पटलं नाही. नारळ हातात येताच अंकलनी तो काखेत मारला आणि न बघता मागे फेकला. मागे माझा नवरा उभा होता. नारळ त्याच्या हातांवर आपटून पुढे गेला.

"पुढे सांडलास," अंकल म्हणाले. "रग्बीत मग चेंडू समोरच्या संघाचा."

शेवटी फेटा. आम्ही बांधलेला तयार फेटा आणला होता. तो कानांवरच अडकला. अध्यक्षांनी दाबून पाहिला, तिरका करून पाहिला.

"राहू दे. माझ्या डोक्याचं असंच आहे," अंकल हळूच म्हणाले आणि बाजूला व्हायला लागले.

पोत्यांची शर्यत आधीच लांबली होती. तरी मी नवऱ्याला सांगितलं, "सोड तो. नव्याने बांध."

अंकलनी पाय फाकवले, कंबरेतून वाकले आणि डोकं थेट नवऱ्याच्या पोटाला लावलं. "घट्ट बांध. आम्ही कानांना पट्टी बांधायचो, सैल राहिली की कान जायचा."

नवरा एक पाऊल मागे रेटला गेला, पण बांधत राहिला. अंकल सरळ झाले. टाळ्या थांबल्या तरी ते दोन्ही हातांनी फेटा चाचपत होते. आंटींनी त्यांची कॉलर नीट केली.

फेटा पुंगोलच्या मंडळाकडून मागून आणलेला. पाडव्याआधी परत द्यायचा होता. मी दोनदा आणायला गेले. पहिल्यांदा अंकल तो घालून टीव्हीवर सामना बघत होते. मी शाल बरी आहे ना, विचारून परतले. दुसऱ्यांदा आंटींनी दारातच सांगितलं, "हल्ली पत्रपेटी मी उघडते." मी बरं म्हटलं.

पुंगोलचे तीन फोन येऊन गेले. फेटा परत करणे: बाकी.