गंधकाच्या धुराने खाल्लेला कागद

...तर नजरुल्लो तसाच उभा, हातात कागदाचा तुकडा. कागद म्हणजे रोपघरावर ताणतात तो, प्लॅस्टिकचा. झेबुनिसोआपाच्या रोपघराचा. बोटांत धरला की कांद्याच्या सालीसारखा चुरा व्हायचा. आत टोमॅटोची रोपं उघडी, आभाळ लख्ख निवळलेलं. म्हणजे रात्री दहिवर गोठणार आणि आपाची वर्षाची कमाई काळी पडणार.

शेजारी जमले होतेच. एक म्हणाला, "घ्या, नजरुल्लोच्या कारखान्याचा माल! तीन वर्षं टिकतो म्हणे!"

आपा त्याच्यावरच खेकसली, "तू गप रे! त्याचा माल चोख आहे. माझ्याच गाठी सैल राहिल्या, वाऱ्यानं आपटून आपटून फाटला. हातात जोर उरला नाही आता."

नजरुल्लोनं मान खाली घातली आणि थेट घर गाठलं. मी मागोमाग. कुठे काही घडत असलं की माझे पाय घरी राहत नाहीत, काय करू!

आमच्या इस्फाऱ्यात कागद ओढायचा कारखाना आहे, तिथे हा मिसळणीवर. प्लॅस्टिकच्या दाण्यांत उन्हाचं औषध कालवायचं, हे त्याचं काम. औषध नसेल तर कागद एका उन्हाळ्यात कडक होऊन तडकतो. त्याच्या हातचा कधी तडकला नव्हता. आपाला आणि स्वतःला त्यानं एकाच गुंडाळीतला कागद कापून घेतला होता. घरी येऊन त्यानं आपला कागद चिमटीत धरून ताणला. रबरासारखा मऊ!

"बोबो, हे गंधकानं झालं," तो मला म्हणाला. गावात मला सगळे बोबो, म्हणजे आजोबाच म्हणतात.

झालं होतं असं. जर्दाळूला गंधकाचा धूर दिला नाही तर तो काळा पडतो, बाजारात कोणी हुंगत नाही. गेल्या उन्हाळ्यात आपाची धुराची खोली पडली, तेव्हा हाच म्हणाला होता, "आपा, रोपघर रिकामंच आहे, तिथे मांडा ताटं! धूर कसा कोंडतो बघा." जर्दाळू असे पिवळेधमक झाले, की आपानं याला टोपी भरून दिले. यानं खाल्लेही.

"औषधवाला बजावून गेला होता, गंधकाची आंबट वाफ लागली की औषध मरतं," नजरुल्लो म्हणाला. "मी कारखान्यातली औषधाची पोती उचलून शेजारच्या जर्दाळूच्या कोठीपासून लांब ठेवली. तेच औषध कागदातही आहे, हे डोक्यात आलंच नाही बघा!"

"अरे, पण कुणाला कळणार आहे?" मी आपलं चाचपून पाहिलं.

"ती स्वतःच्या हातांना बोल लावतेय, बोबो."

आणि तो स्वतःच्या काकड्यांवरचा कागद सोडवू लागला. वेल फुलावर आलेले! मी टोक धरलं. दिवस कलायच्या आत आम्ही आपाचा फाटका कागद सोडवून हा तिच्या कमानींवर चढवला. आपा कमरेवर हात ठेवून खाली उभी.

"वेडा झालास का रे? तुझ्या काकड्या मरतील! माझ्या सैल गाठींची शिक्षा तुला कशाला?"

नजरुल्लो वरूनच बोलला, तिच्याकडे न बघता.

"आपा, तुमच्या गाठी पक्क्याच होत्या, आत्ता सोडवताना माझी नखं मोडली. कागद माझ्या सल्ल्यानं मेला. त्या टोपीभर जर्दाळूंची चव अजून तोंडात आहे हो, ती काही जात नाही. शिव्या द्या, पण आधी ती दोरी वर फेका, ऊन चाललं."