तळहाताआडचा बॅट्समन

मॅच रंगात आली की चाचा बाकावरून उठायचे, टीव्हीजवळ जायचे आणि उजवा तळहात पडद्यावर बरोबर बॅट्समनच्या अंगावर ठेवायचे. चहाच्या हॉटेलात बसलेले सगळे एका सुरात ओरडायचे. चाचांना त्याचं काही नसे. "बॅटवाला रोजच बघता की," ते म्हणायचे. "मागचा बघा जरा. बिचारा सकाळधरनं उठाबशा काढतोय."

तुम्हीही क्रिकेट बघत असाल. परवाच्या मॅचमध्ये किपरनं किती रन काढले, ते तुम्ही झोपेतही सांगाल. पण त्यानं लेगच्या बाजूचा बॉल कसा घेतला, असं विचारलं तर माझ्या तोंडाकडे बघत राहाल. तुम्हाला कशाला नावं ठेवू? मी तर कॅप्टन होतो, तरी तसाच होतो.

आमच्या पेठेच्या तोंडाशी चाचांचं रिक्षाचे हूड आणि सीट शिवायचं दुकान होतं. ज्या दाभणानं रेक्झिन शिवायचे, त्याच दाभणानं स्वतःचे फाटके ग्लोव्हज शिवायचे. पेठेच्या टीमचे ते किपर आणि मी मध्यमगती बॉलर. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे होते, तरी मला 'कप्तान' म्हणायचे. मैदानात उतरण्याआधी ग्लोव्हजच्या आतले पातळ मोजे माठातल्या पाण्यात बुडवून, नीट पिळून हातात घालायचे. सोलापूरच्या उन्हात ते पाच-सहा ओव्हरींत वाळायचे, की चाचा परत माठाकडे. आम्ही चेष्टा करायचो, चाचांची अंघोळ निघाली म्हणून. ते शांतपणे म्हणायचे, "कोरडा हात बॉलला थारा देत न्हाय."

बॅटिंगचा मात्र आनंदी आनंद होता. अकराव्या नंबरला यायचे आणि बॅट अशी धरायचे, जणू ती छत्री आहे आणि उघडायची कशी हेच कळत नाही. दोन-तीन बॉलांत परत यायचे आणि पहिल्यांदा ग्लोव्हज कुठे आहेत ते बघायचे.

टीव्हीवरच्या किपरांचा निकाल ते तिथल्या तिथे लावायचे. नाव कुणाचंच घेत नसत. एक जण स्पिनरला स्टंपांजवळ उभा राहिला, की बॉल पडायच्या आधीच ताठ व्हायचा. "बॉल उठल्यावर उठावं. ह्याला कुटं गाडी धरायचीय?" दुसऱ्यानं शतक ठोकलं, सगळं हॉटेल नाचलं, तर चाचा बशीतला चहा फुंकत म्हणाले, "शंभर काढलं म्हणून ग्लोव्हज दिल्यात त्याला. बॅट काढून घ्या, मग बघा कोण ठेवतंय." एका डावऱ्या किपरवर त्यांचा जीव होता. बॉल त्याच्या हातात यायचा तेव्हा हातही बॉलबरोबर मागे जायचे. आवाज असा यायचाच नाही. तो बॅटिंगही लई भारी करायचा, पण चाचा म्हणायचे, "हा शून्यावर गेला तरी मी ह्याला घेतला असता." याहून मोठी पदवी त्यांच्याकडे नव्हती.

मी ती पदवी त्यांना दिली नाही.

आम्ही फायनलला पोचलो होतो आणि आमची बॅटिंग कच्ची होती. बँकेत बदलून आलेला एक जण फटके चांगले मारायचा. किपिंगही जमतं म्हणाला. आदल्या दिवशी मी चाचांच्या दुकानात जाऊन बसलो. अर्धा तास नुसत्या इकडच्या तिकडच्या गप्पा. शेवटी त्यांनीच मशीन थांबवली.

"उद्या त्याला उभा करणार, व्हय?"

"चाचा, रन पायजेत ओ."

"बरोबर हाय की." मग त्यांनी खुंटीवरचे आतले मोजे काढून माझ्या हातात दिले. "त्याला सांग, भिजवून घाल. विसरू नको."

त्यानं चाळीस काढले. आम्ही जिंकलो. त्याच्या हातून दोन झेल आणि एक स्टंपिंग सुटलं, ते ढोल वाजायला लागल्यावर कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. चाचा लिंबाखाली बसून होते. त्यानं मोजे परत दिले तेव्हा त्यांनी ते बोटांनी चाचपले.

"भिजवलं न्हाय," एवढंच म्हणाले.

पुढच्या मोसमात ते मैदानावर आले नाहीत. मीही बोलावलं नाही. जिंकलेल्या कॅप्टनला जाब कोण विचारतंय?

मग दुकान बंद झालं. चाची विड्या वळायच्या, त्यांच्या नावावर शहराबाहेर कुंभारीला, विडी कामगारांच्या वसाहतीत घरकुल मिळालं आणि दोघं तिकडे राहायला गेली. चाचांचे हात कापायला लागलेत असं कळलं, तेव्हा एका दुपारी मी गेलो. खाटेवर बसले होते. मी मोबाईलवर मॅच लावून दिली. सवयीनं त्यांनी बॅट्समनवर अंगठा ठेवला आणि मॅच थांबली. मी चालू केली, त्यांनी परत अंगठा ठेवला, परत थांबली. चाची हसल्या, मीही हसलो. चाचा हसले नाहीत. त्यांनी मोबाईल उशीवर पालथा ठेवला.

"कप्तान, खरं सांग. मी कसा होतो रं मागं?"

"एक नंबर, चाचा."

"कुठला झेल आठवतोय तुला?"

मला एकही आठवेना. बारा मोसम खेळलो बरोबर, आणि एक झेल आठवेना. खोटं सांगायचं तर तेवढं तरी माहीत हवं. चाचांनी उशीवरचा मोबाईल माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "असू दे. चहा घेऊन जा." त्यांचे हात मांडीवर थरथरत होते, आणि मी तिकडे न बघता चहा पीत राहिलो.

त्यानंतर दीड महिन्यानं चाचा गेले. मातीला मी होतो.

परवा घरी मॅच बघताना कसं कोण जाणे, मी उठलो आणि बॅट्समनवर तळहात ठेवला. बायको ओरडली. बॉल लेगच्या बाजूनं वाकडा गेला, किपरनं झुकून घेतला, हात मागे गेले, आवाज नाही. आणि तेवढ्यात माझं लक्ष बॉलरकडे गेलं. तो केव्हाच पाठ फिरवून चालायला लागला होता.

मीही तसाच चालायचो. माझे कितीतरी बॉल लेगला वाहवत जायचे, पण मागे चाचा असताना ते पुढे कुठे गेले हे बघायला मी बारा मोसमांत एकदाही थांबलो नाही. फक्त त्या फायनलला, तो बँकवाला मागे असताना, प्रत्येक बॉल टाकून तिथेच श्वास रोखून उभा राहत होतो.

चाचांनी विचारलं तेव्हा एवढंच तर सांगायचं होतं.