मामांचं तिसरं कार्ड

माणसाने माणसाशी नियम सोडून बोलू नये, यावर माझ्या धाकट्या मामांइतकी श्रद्धा उभ्या महाडात कुणाची नसेल. ते टेलिफोन एक्स्चेंजात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस खात्याने त्यांना डेटा नेटवर्कच्या ट्रेनिंगला पाठवलं आणि ते परत आल्यावर मामींचे हाल सुरू झाले. चहा मागितल्यावर मामींनी 'हो' म्हटलं नाही, की निरोप पोचलाच नाही असं धरून मामा त्याच सुरात पुन्हा मागत. मामी वैतागून दोन कप आणत. "तोच निरोप दुसऱ्यांदा आला, की ते डुप्लिकेट पॅकेट टाकून द्यायचं असतं," असं आम्हाला समजावत मामा दुसराही कप संपवत.

आम्ही म्हणजे डिप्लोमाचे तीन विद्यार्थी. सुट्टीत मामांच्या ओटीवर वाइड एरिया नेटवर्क, म्हणजे गावोगावचे कॉम्प्युटर जोडायची विद्या, शिकायला बसायचो. डायलअप म्हणजे एसटीतली सीट. रुमाल टाकून धरायची, उतरलात की दुसऱ्याची. लीज्ड लाइन म्हणजे देवळातली मानाची जागा. मानकरी येवो न येवो, आपण टेकायचं नाही. परीक्षेत मी थोड्याफार फरकाने हेच लिहिलं आणि पास झाले.

निरोपाचे तुकडे करून वेगवेगळ्या वाटांनी धाडायचे, ते पॅकेट स्विचिंग शिकवायला मात्र त्यांनी सख्खा भाऊच निवडला. पोलादपूरचे थोरले मामा त्यांच्याशी कित्येक वर्षं बोलत नव्हते. आजी पोलादपूरला अत्यवस्थ असताना थोरल्यांनी महाडच्या डॉक्टरांना ट्रंक कॉल लावला होता. 'अर्जंट' म्हटलं की कॉल रांगेत पुढे जाई, पण घाबरलेल्या माणसाचं ते म्हणायचं राहून गेलं. महाडला कॉल जोडायच्या बोर्डवर धाकटे मामाच होते, लाइन एकच, आणि आधी तीन कॉल नोंदलेले. मामांनी स्वतःच्या आईसाठी आलेला कॉल नियमाप्रमाणे चौथा जोडला. डॉक्टर पोचले तेव्हा आजी गेली होती.

आता मामांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. थोरल्यांना बोलावण्याचं पत्र त्यांनी पाच पोस्टकार्डांत वाटलं, क्रमांक घातले आणि वेगवेगळ्या माणसांबरोबर धाडलं. एक तर पाचाडच्या भाजीवाल्याकडे, म्हणजे थेट उलट्या दिशेला. "वाट कुठली का असेना, तिकडे क्रमाने लावली म्हणजे झालं," मामा म्हणाले.

चार दिवसांनी एसटीचे कंडक्टर ओटीपाशी निरोप घेऊन आले. "थोरलं भाऊ म्हंतात, चार कार्डं गावली. तिसरं नाय आलं. त्यात काय हाय, ते येऊन सांग म्हणावं."

"मामा, म्हणजे आता फक्त तिसरं पुन्हा पाठवायचं ना?" मी हुशारीने विचारलं.

मामांनी वहीतून एक कार्ड काढलं. वर क्रमांक तीन, खाली 'दादास साष्टांग नमस्कार', आणि पुढे सगळं कोरं. ते त्यांनी पाठवलंच नव्हतं.

"आईबद्दल लिहायचं होतं गं," ते म्हणाले. "जमलं नाही."

मग न कळवता कुणाच्या दारात कधी न गेलेले मामा त्याच कंडक्टरच्या गाडीत बसून पोलादपूरला गेले. तिथे काय बोलणं झालं, मला माहीत नाही. थोरले मामा लग्नाला आले आणि चांगले दोन दिवस राहिले.

पुढे घरात फोन आला, पोलादपूरचा नंबर फिरवला की क्षणात लागू लागला. तरी मामा दर रविवारी एसटीनेच भावाकडे जात.

"फोन करा की," मामी म्हणत.

"लाइन लागायला वेळ लागतो," म्हणत मामा चपला घालत.

तसं काही राहिलं नव्हतं, आणि हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण त्यांना दुरुस्त करावंसं मला एकदाही वाटलं नाही.