पाण्याची पाळी आणि झोपाळू हार्ड डिस्क

मी बोईसरच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. कँटीनमध्ये भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यांची टिंगल करणारा मीच. यंत्र बिघडतं त्याला कारण असतं, आणि ते सापडत नसेल तर शोधणारा कमी पडला, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. एका गोष्टीपुरतं मात्र... असो, सांगतोच.

माहीमला (शहरातलं नव्हे, खाडीकाठचं) आमची पानवेलीची वाडी आहे. आई तिथे राहते; मी आठवडाभर बोईसरला भाड्याच्या खोलीत आणि शुक्रवारी सुट्टीला घरी. बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांचा आवाज एकाच ठिकाणी उरला होता – वाडीत फिरताना मी काढलेला अर्ध्या तासाचा व्हिडिओ. ज्या फोनवर काढला तो खाडीत पडला. राहिली ती जुन्या यूएसबी हार्ड डिस्कमधली एकच कॉपी. वर्षश्राद्ध जवळ आलं तशी आई म्हणाली, "एकदा ऐकव रे." एवढंच.

आणि नेमकी तेव्हाच डिस्क झोपायला लागली. लॅपटॉपला लावली (लिनक्स आहे, विंडोजवाल्यांनी हसू नये) की दोन मिनिटं फिरायची, मग गप्प. फाइल उघडायला जावं तर एरर. मला मजाच वाटली, हे तर माझं रोजचं काम! वीज वाचवायला लिनक्स रिकामं बसलेलं यूएसबी उपकरण झोपवतं. ते ऑटोसस्पेंड बंद केलं. डिस्कच्या डबीत स्वतःचा टायमर असतो, त्यालाही हुकूम सोडला, पण डबीने जुमानलं नाही. केबल बदलली. वीज कमी पडत असेल म्हणून स्वतःचा अॅडॉप्टर असलेला यूएसबी हब आणला. तरी ढिम्म! त्यात आतून टकटक ऐकू यायला लागली, म्हणजे सारखी काढ-घाल करणं धोक्याचं. शेवटी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, लिहिली – दर पाच मिनिटांनी डिस्क जागी आहे की झोपलेली, एवढंच टिपायचं. लॅपटॉप घरी टेबलावर तसाच चालू ठेवून बोईसरला गेलो.

पुढच्या शुक्रवारी दुपारचं जेवण झाल्यावर स्क्रिप्टने टिपलेला लॉग उघडला. आठवडाभर झोप... फक्त रविवार, मंगळवार आणि गुरुवार, दुपारी तीन ते चार, डिस्क जागी! लॅपटॉपवर आपोआप चालणारी सगळी कामं तपासली. एक दिवसाआड तीन वाजता काहीच लावलेलं नव्हतं. (कॉपी करायचं कामही स्क्रिप्टमध्येच घालायला हवं होतं, हे तेव्हा सुचलं. आमचं शहाणपण असं उशिरा.)

आईला गंमत म्हणून सांगितलं. ती भाजी निवडायची थांबली. "तीनला? अरे, ती तर पाण्याची पाळी!"

आमची आणि शेजारच्या वसंतकाकांची विहीर एकच. एक दिवस पाणी त्यांचं, एक दिवस आमचं, तीन ते चार. बाबांनी तीस वर्षं आपल्या पाळीला तीनच्या ठोक्याला मोटर लावली.

"मग मोटरमुळे व्होल्टेज हलत असेल," मी म्हणालो आणि माझं मलाच पटेना. मोटर तर रोज चालते. शिवाय दिवसही जुळत नव्हते. "आई, आज शुक्रवार, आज आपली पाळी. रविवार, मंगळवार, गुरुवार तर काकांचे!" मला अगदी जिंकल्यासारखं वाटलं.

"आता काकांचे," आई म्हणाली. "सुतकात आमी वाडीत गेलो नाय, तवा काकांनी दोन दिवस लागोपाठ पाणी घेतलं. तिथून पाळी उलटी झाली." मग घड्याळाकडे बघत म्हणाली, "ह्यांना कुठं ठाऊक हाय?"

मला हसू आलं नाही. तीनला दहा कमी होते. आई पदराला हात पुसत टेबलाजवळ गेली आणि दुपारी बाबांना उठवायची त्याच आवाजात डिस्कला म्हणाली, "अवो, पाळी बदललीय. आज आपलं पाणी हाय. उठा."

तीन वाजले. डिस्कचा दिवा लागला. आत घरघर सुरू झाली.

मी लगेच कॉपी लावली. सव्वातीनला फाइल पूर्ण उतरली. व्हिडिओ लावला तर पहिलंच वाक्य, "तो फोन ठेव नि वेलाला पाणी सोड!" आई हसता हसता रडायला लागली. मीही रडलो, त्यात लाज कसली.

डिस्क अजून तिथेच आहे, आई काढू देत नाही. लॉग आता आमच्या पाळीशी जुळतो. कुणी जाणकार असेल तर पाठवतो, बघा काही सापडतं का. माझी सेटिंग बरोबर होती, यात मला तिळमात्र शंका नाही. बाकीचं काय ते मला आजही सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात वसंतकाकांनी घरात साखरपुडा आहे म्हणून पाळी बदलून मागितली. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि आधी टेबलापाशी गेलो.